गोदाम शाबूत, मुनीम बेशुद्ध

सकाळी कॉम्प्युटर सुरू करावा तर विंडोज येतच नाही. बायोसमध्ये जाऊन पाहावं, तर काल रात्रीपर्यंत जिथे ड्राइव्हचं मॉडेल दिसत होतं तिथे आज भलतंच नाव: ‘सॅटाफर्म एस११’. या नावाचा ड्राइव्ह बाजारात कुणी विकत नाही. तैवानच्या फायसन कंपनीचा पीएस३१११-एस११ हा कंट्रोलर अनेक कंपन्यांच्या स्वस्त एसएसडींमध्ये बसवलेला असतो. बाहेरचं लेबल कुणाचंही असो, आतला कारभारी तोच. त्याला स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, नीट उचलता आलं नाही की तो लेबलावरचं नाव विसरतो आणि हे जन्मनाव सांगू लागतो. दुरुस्तीवाल्यांना ते इतकं पाठ आहे की ग्राहकाने फोनवर ‘एस११’ म्हटलं तरी पुढची कथा ऐकायची गरज पडत नाही.

ज्याचा डेटा अडकलाय त्याला छळणारी गोष्ट ही, की या अवस्थेत डेटा बहुधा कुठेही गेलेला नसतो. मेमरीच्या चिपा ठणठणीत असतात, त्यांच्यातला विद्युतभार जागच्या जागी असतो. गोदाम शाबूत आहे, धान्य आत आहे. पण कुठलं पोतं कुठे रचलं हे ज्याला ठाऊक, तो मुनीम बेशुद्ध पडलाय, आणि त्याची वही त्याने स्वतःच्याच खुणांत लिहिलेली आहे. एसएसडीतून डेटा परत मिळवण्याचा जवळपास सगळा प्रश्न एवढाच. बाकी उरतात ते तपशील. पण पैसे तपशीलच खातात.

हार्ड डिस्कचं दुखणं वेगळं होतं. ती आधी कुरकुरायची, मग टकटक करायची, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी बरेच दिवस आपल्या तक्रारी ऐकवून मगच निजायची. हेड खराब झालं तर त्याच जातीचा दुसरा ड्राइव्ह शोधायचा, धूळमुक्त खोलीत त्याचं हेड काढून इकडे बसवायचं. काम कष्टाचं, पण सरळ. तबकडीवर ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने, थोडेफार अपवाद सोडले तर, ते सापडायचं. तिथवर हात पोचला की काम फत्ते. लोकांच्या मनात डेटा रिकव्हरीचं जे चित्र आहे ते अजून त्याच काळातलं आहे. बंद पडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगाही तिकडचाच. एसएसडीला त्याने ओल लागते, आणखी काही होत नाही.

फरक मुळातच आहे. फ्लॅश मेमरीची मूळ पेशी बेल लॅब्जमध्ये दावॉन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ मध्ये मांडली: चहूबाजूंनी इन्सुलेशनमध्ये कोंडलेला ‘तरंगता’ गेट, ज्यावर इलेक्ट्रॉन अडकवून ठेवता येतात. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश आणि १९८७ मध्ये नॅन्ड फ्लॅश जगासमोर आणली. असंख्य पेशी एकाच झटक्यात पुसल्या जातात, कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारख्या, म्हणून एका सहकाऱ्याने सुचवलेलं हे नाव. त्या नावातच तिची खोड सांगितलेली आहे. नॅन्डमध्ये लिहायचं ते पानापानाने, साधारण ४ ते १६ किलोबाइटचं एक पान. पण पुसायचं ते अख्ख्या ब्लॉकने, आणि एका ब्लॉकात शेकडो पानं असतात. पानावरचं एक खोडून त्याच जागी दुसरं लिहायची सोय नाही. वर प्रत्येक पुसण्यागणिक पेशीचं इन्सुलेशन थोडं झिजतं.

मग कंट्रोलर काय करतो? तुम्ही एखादी फाइल बदलून सेव्ह केली की नवी आवृत्ती तो दुसरीकडेच कोऱ्या पानांवर लिहितो, जुन्या पानांवर ‘रद्द’ अशी खूण करतो आणि वहीत नवा पत्ता नोंदवतो. कुठलाही ब्लॉक जास्त झिजू नये म्हणून तो माल सतत हलवत असतो. फावल्या वेळात रद्द पानांचे ब्लॉक रिकामे करत असतो. एक फाइल एका चिपेत राहत नाही. वेग मिळावा म्हणून ती अनेक चिपांत तुकड्या-तुकड्यांनी वाटली जाते. पेशींवर सारखा ताण पडू नये म्हणून लिहिण्याआधी डेटा मुद्दाम विस्कटला जातो, आणि शेजारी चुका सुधारण्याचे कोड जोडले जातात. १ टेराबाइटच्या ड्राइव्हमध्ये ४ किलोबाइटचा एक तुकडा धरला तर अशा नोंदी होतात २४ कोटींहून जास्त. प्रत्येकी ४ बाइटच्या हिशेबाने वहीच १ गिगाबाइटची. चांगल्या ड्राइव्हमध्ये ती चालू असताना वेगळ्या रॅम चिपेत उघडी असते आणि अधूनमधून नॅन्डमध्ये उतरवली जाते. स्वस्तातल्या ड्राइव्हमध्ये ती रॅम चिप नसतेच.

आता वही उघडी असताना वीज गेली तर काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हाच प्रयोग पद्धतशीर करून पाहिला. पाच उत्पादकांचे १५ एसएसडी घेतले आणि लिहिणं चालू असताना त्यांची वीज पुन्हा पुन्हा तोडली. १५ पैकी १३ ड्राइव्हनी काही ना काही गडबड केली. कुणी लिहून झालेला म्हणून सांगितलेला डेटा हरवला, कुणी अर्धवट लिहिला. एका ड्राइव्हचा सुमारे एक तृतीयांश डेटा पोचेना आणि एक कायमचा बंद पडला. सर्व्हरसाठीच्या महाग ड्राइव्हमध्ये यावर उपाय म्हणून कपॅसिटर बसवतात. वीज गेल्यावर वही मिटून ठेवण्यापुरता दम त्यांत साठवलेला असतो. घरच्या ड्राइव्हमध्ये हा खर्च सहसा वाचवलेला असतो. लोडशेडिंगच्या गावात डेस्कटॉपला यूपीएस लावायला लोक मागेपुढे पाहतात, आणि चार हजार वाचवून चाळीस हजारांच्या रिकव्हरीचा अंदाज ऐकायला येतात. आकडे माझे, उदाहरणादाखल. पण प्रमाण फारसं चुकीचं नाही.

कपॅसिटर असले म्हणजे सुटलो, असंही नाही. इंटेलच्या ३२० मालिकेत ते होते. तरी २०११ मध्ये त्या मालिकेतले काही ड्राइव्ह वीज गेल्यानंतर आपली क्षमता फक्त ८ मेगाबाइट सांगू लागले. कारण फर्मवेअरमधली चूक. इंटेलने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुधारित फर्मवेअर दिलं. अडकलेला ड्राइव्ह पूर्ण पुसून पुन्हा वापरता येत होता; म्हणजे मुनीम शुद्धीवर येणार, पण जुनी वही जाळल्यावर. याहून वाईट प्रकार एचपीई कंपनीच्या, सर्व्हरसाठीच्या काही एसएएस एसएसडींचा. त्यांच्या फर्मवेअरमध्ये चालू तासांचा आकडा अशा जागेत ठेवला होता की जिथे ३२,७६७ च्या पुढे मोजताच येत नव्हतं. ३२,७६८ वा तास लागला, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस आणि ८ तास झाले, की ड्राइव्ह खलास. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने ग्राहकांना कळवलं, आणि स्पष्ट लिहिलं की त्यानंतर ना ड्राइव्ह परत मिळेल ना डेटा. एकाच दिवशी बसवलेले ड्राइव्ह जवळपास एकाच वेळी मरतील, हा इशाराही त्यातच होता. एक गेला तरी दुसरा आहे या भरवशावर उभी असलेली रेड व्यवस्था इथे काय कामाची? जुळी भावंडं, एकच पत्रिका.

वही बिघडली आहे पण चिपा बऱ्या आहेत, अशा वेळी पहिला उपाय इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटतो. क्रुशल कंपनीने आपल्या ग्राहकांना अधिकृतपणे सुचवलेली रीत अशी: ड्राइव्हला फक्त वीज द्या, डेटाची तार जोडू नका, वीस मिनिटं तसंच राहू द्या, अर्धा मिनिट वीज काढा, पुन्हा वीस मिनिटं. या वेळात कंट्रोलर नॅन्डमध्ये विखुरलेल्या खुणा वाचून वही नव्याने जुळवण्याचा प्रयत्न करतो. अचानक वीज जाऊन ‘गायब’ झालेला ड्राइव्ह कधीकधी एवढ्यावर परत दिसू लागतो. पण फाइली चुकून उडवल्या असतील तर नेमकी हीच रीत घात करते. कारण पुढे येईल.

ते जमलं नाही तर मामला प्रयोगशाळेत जातो. इथलं काम हार्ड डिस्कसारखं हाताने वस्तू काढण्याचं कमी आणि बेशुद्ध माणसाकडून बोलून घेण्याचं जास्त. सर्किट बोर्डावर दोन ठराविक बिंदू असतात. ते जोडून वीज दिली की कंट्रोलर आपलं बिघडलेलं फर्मवेअर नॅन्डमधून वाचायला जात नाही, कारखान्यात सुरू होतो तसा सुरू होतो. मग बाहेरून त्याच्या रॅममध्ये एक छोटा प्रोग्राम चढवायचा, ज्याला या धंद्यात ‘लोडर’ म्हणतात. त्याच्यामार्फत चिपांतली पानं वाचायची, प्रत्येक पानाच्या कडेला कंट्रोलरने लिहून ठेवलेल्या खुणांवरून कुठलं पान कुठल्या पत्त्याचं आणि त्यातलं नवं कुठलं हे ठरवायचं, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर नवी वही बांधायची. तिला ‘ट्रान्सलेटर’ म्हणतात. यासाठी जगभर सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं यंत्र म्हणजे एस लॅबचं पीसी-३०००. मूळचं रशियातलं हे घराणं १९९१ पासून याच कामात आहे. वॉर्सातल्या रुसोल्युटसारखे आणखी काही जण चिपा थेट वाचण्याची साधनं बनवतात.

यातली मर्यादा मात्र कुणी फारशी सांगत नाही. लोडर कंट्रोलरगणिक वेगळा. फायसनचा सिलिकॉन मोशनला चालत नाही. एकाच कंट्रोलरमध्ये नॅन्डची जात बदलली तरी कधीकधी अडतं. यांतलं काहीच उत्पादकांनी दिलेलं नसतं. कुणीतरी महिनोन् महिने खपून उलटं शोधून काढलेलं असतं. जे कंट्रोलर स्वस्त ड्राइव्हमध्ये लाखोंनी विकले गेले त्यांच्यासाठी हे कष्ट परवडले. नवाकोरा, महागडा एनव्हीएमई ड्राइव्ह घेऊन गेलात तर ‘अजून सपोर्ट नाही’ असं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे स्वस्तातला ड्राइव्ह लवकर मरतो, पण त्याच्या श्राद्धाला यायला भटजी मिळतात. उत्पादक ज्या किल्ल्या कारखान्यात रोज वापरतात त्या दुरुस्तीवाल्याला मिळू नयेत यात सुरक्षेचा मुद्दा थोडा आहे, हे मान्य. पण तो जितका पुढे केला जातो तितका मोठा तो नाही, असं माझं मत आहे.

विजेचा बिघाड असेल तर गोष्ट त्या मानाने सुखाची. व्होल्टेज वाढून एखादा कपॅसिटर शॉर्ट झाला, वीज वाटून देणारी चिप जळली, तर थर्मल कॅमेऱ्याखाली गरम होणारा भाग दिसतो, मायक्रोस्कोपखाली तो बदलता येतो, आणि ड्राइव्ह जसा होता तसा उठतो. मोबाइलचे मदरबोर्ड दुरुस्त करणारा निष्णात कारागीर हे करू शकतो. अट एकच: त्याआधी कुणी हीट गनने ‘बघून’ ठेवलेलं नसावं.

कंट्रोलरच मेला तर? पूर्वी याला एक बाणेदार उत्तर होतं: चिपा उखडा. गरम हवेने नॅन्ड चिपा बोर्डावरून सोडवायच्या, एकेक वाचकयंत्रात घालून कच्चा मजकूर काढायचा, मग विस्कटणं उलगडायचं, चुका सुधारायच्या, तुकडे जुळवायचे. जुन्या पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांच्या बाबतीत हे अजून होतं. एसएसडीच्या बाबतीत मात्र हा रस्ता जवळजवळ बंद झालाय, आणि त्याचं कारण सोल्डरिंग नाही, एन्क्रिप्शन आहे. बरेच आधुनिक कंट्रोलर तुम्ही पासवर्ड लावला नसला तरी चिपेत जाणारा प्रत्येक बाइट कूटबद्ध करूनच लिहितात. किल्ली कंट्रोलरपाशी. पासवर्ड नसेल तर ते कुलूप कुणाला दिसतही नाही, कारण दार नेहमी आतून उघडलं जातं. कंट्रोलर गेला की कळतं. चिपांतून मग निघतो तो निव्वळ गोंगाट, आणि तो उलगडायला जगातलं कुठलंही यंत्र पुरत नाही.

ॲपलने हा प्रवास टोकाला नेला. २०१६ आणि २०१७ च्या टच बार असलेल्या मॅकबुक प्रोंमध्ये मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली असली तरी एक छोटा कनेक्टर ठेवला होता. बोर्ड मेला तरी सेवाकेंद्रातलं खास उपकरण लावून डेटा उतरवता यायचा. २०१८ मध्ये टी२ चिप आली आणि तो कनेक्टर नाहीसा झाला. आता किल्ली त्या चिपेत, आणि २०२० पासूनच्या एम मालिकेत तर ती मुख्य प्रोसेसरच्याच पोटात. पाणी सांडलेल्या मॅकबुकमधून डेटा काढायचा म्हणजे तोच बोर्ड, तोच प्रोसेसर, तीच मेमरी एकदा तरी जिवंत करायची. तिथे रिकव्हरीवाला आणि मदरबोर्ड दुरुस्त करणारा हे दोन वेगळे धंदे उरलेलेच नाहीत.

कुलपं सगळीकडे सारखीच पक्की असतात असंही नाही. नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या कार्लो मेयर आणि बर्नार्ड फान खास्टेल यांनी २०१८ मध्ये क्रुशल आणि सॅमसंगचे काही लोकप्रिय ड्राइव्ह तपासले, तेव्हा त्यांतल्या अनेकांत मालकाचा पासवर्ड आणि डेटाची किल्ली यांचा एकमेकांशी खरा संबंधच जोडलेला नव्हता. दाराला कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली. विंडोजचं बिटलॉकर तेव्हा अशा ड्राइव्हवर विसंबून स्वतः काहीच कूटबद्ध करत नसे. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बदललं. सुरक्षेच्या दृष्टीने हे लज्जास्पदच. पण मेलेल्या ड्राइव्हच्या दारात बसलेल्या माणसाला असली ढिलाई म्हणजे देवाघरची कृपा वाटते, ही या क्षेत्रातली न सुटणारी तेढ आहे. जे चोराला अडवतं तेच मालकालाही अडवतं.

इथवर ड्राइव्ह बिघडण्याची गोष्ट झाली. त्याहून कितीतरी जास्त लोक चांगला चालता ड्राइव्ह घेऊन येतात: ‘फॉरमॅट मारला’, ‘फोल्डर डिलीट झाला’, ‘रिसायकल बिनपण रिकामी केली’. हार्ड डिस्कवर यात फार घाबरण्यासारखं नसे. डिलीट म्हणजे अनुक्रमणिकेतलं नाव खोडणं. मजकूर तसाच पडून राही, आणि फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर चालवून भाचासुद्धा मामाचे फोटो परत आणून दाखवी. एसएसडीवर मात्र डिलीट करताच ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्हला कळवते, की हे पत्ते आता नकोत. या आज्ञेचं नाव ट्रिम. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ती आपोआप जाते; क्विक फॉरमॅट केला तर सबंध पार्टिशनसाठी जाते. मुनीम त्या नोंदी वहीतून काढून टाकतो, आणि त्यानंतर त्या पत्त्यावर कुणी काही मागितलं की बहुतेक ड्राइव्ह सरळ शून्यं हातात ठेवतात. प्रत्यक्ष माल चिपेत अजून काही काळ असू शकतो. पण तो मागायला दार उरत नाही, आणि गोदाम झाडणारा कधी येईल ते सांगता येत नाही.

लग्नाचे फोटोग्राफर इथे हमखास फसतात. कॅमेऱ्याच्या कार्डावरून उडालेले फोटो त्यांनी अनेकदा परत मिळवलेले असतात, कारण कार्डांच्या वाट्याला ट्रिम सहसा येत नाही. तोच विश्वास ते लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर ठेवतात. उलट बाहेरून यूएसबीने जोडलेल्या एसएसडीत आशा असू शकते. बऱ्याच स्वस्त अडॅप्टरांतून ट्रिमची आज्ञा पलीकडे पोचतच नाही. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये ट्रिम आठवड्यातून एकदा गठ्ठ्याने पाठवलं जातं, तिथे सोमवारची चूक मंगळवारी लक्षात येणं परवडतं. आणि ट्रिम होऊन गेलं असलं तरी ताबडतोब वीज काढून ड्राइव्ह प्रयोगशाळेत नेला, तर वर सांगितलेल्या कारखाना-अवस्थेत झाडलोट सुरू होत नसल्याने काही कंट्रोलरमधून काही गोष्टी निघतात. ‘काही’ या शब्दावर जोर. जो दुकानदार फोनवरच ‘शंभर टक्के मिळेल’ म्हणतो त्याने तुमचा ड्राइव्ह पाहिलेला नाही, आणि कदाचित ट्रिमही ऐकलेलं नाही.

या झाडलोटीने गुन्हे तपासणाऱ्यांचीही पंचाईत केली. पर्थच्या मर्डॉक विद्यापीठातल्या ग्रेम बेल आणि रिचर्ड बॉडिंग्टन यांनी २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी एसएसडी क्विक फॉरमॅट केला आणि नुसता वीज देऊन ठेवला. काही मिनिटांत ड्राइव्हने स्वतःहूनच बहुतेक सगळं पुसून टाकलं. ज्या विंडोज एक्सपीवर हा प्रयोग केला ती ट्रिम पाठवतच नाही, हे विशेष. तपासाच्या वेळी पुराव्यावर कुणी लिहू नये म्हणून ‘राइट ब्लॉकर’ नावाचं उपकरण मधे लावतात. ते बाहेरून येणारं लिहिणं अडवतं. आतून चाललेल्या पुसण्याला कोण अडवणार? आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा हॅश, म्हणजे त्यातल्या डेटावरून काढलेली ओळखखूण, लिहावा लागतो. हार्ड डिस्कची आज काढलेली आणि सहा महिन्यांनी काढलेली प्रत यांचे हॅश जुळावेत ही अपेक्षा रास्त असते. एसएसडीच्या बाबतीत मधल्या काळात कुणी हात न लावताही ते जुळले नाहीत, तर त्यात पोलिसांचा हात असेलच असं नाही. बचाव पक्षाच्या वकिलाला हे ठाऊक असणं आणि न्यायाधीशाला ठाऊक असणं, दोन्ही गरजेचं आहे.

नेमकं याच्या उलटं टोक सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून २०११ मध्ये पुढे आलं. मायकेल वेई, स्टीव्हन स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की एसएसडीवरची एखादी फाइल वरून दुसरं लिहून मिटवायला गेलं तर ती खात्रीने मिटत नाही, कारण वरून लिहिलेलं प्रत्यक्षात भलतीकडेच पडतं. एका ड्राइव्हने तर पूर्ण पुसण्याची आज्ञा पार पाडल्याचं कळवलं, आणि आत सगळं जसंच्या तसं. म्हणजे हवं असलेलं राहत नाही आणि नको असलेलं जात नाही. दोन्ही निबंध खरे आहेत, आणि दोन्हींचं कारण एकच: कुठे काय आहे हे ठरवण्याचा अधिकार आता मालकाकडे नाही.

वीज देऊन ठेवली तर झाडलोट. मग ड्राइव्ह काढून कपाटात ठेवला तर? पेशीत अडकवलेले इलेक्ट्रॉन हळूहळू पाझरतात. एका पेशीत एकच बिट ठेवायचा होता तेव्हा भार आहे किंवा नाही एवढंच ओळखायचं होतं. तीन बिटांच्या टीएलसी पेशीत भाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, चार बिटांच्या क्यूएलसीत १६. थोडं पाझरलं की पातळी बदलते. उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेकच्या नियमानुसार घरगुती ड्राइव्हने बंद अवस्थेत ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे, सर्व्हरच्या ड्राइव्हने ४० अंशांना तीन महिने. २०१५ मध्ये हे आकडे सगळीकडे फिरले आणि ‘एसएसडी आठवड्यात विसरतो’ अशी बोंब उठली. खरं तर हा नियम लिहून लिहून आयुष्य संपवलेल्या ड्राइव्हसाठी आहे. नवा ड्राइव्ह कितीतरी जास्त टिकतो. पण विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पडलेला जुना, झिजलेला ड्राइव्ह या हिशेबात ३० अंशांवर नाही, हेही खरं. अशा ड्राइव्हला वाचताना कंट्रोलर ओळखीची सीमारेषा थोडी खालीवर सरकवून पुन्हा पुन्हा वाचतो, आणि प्रयोगशाळाही तेच जास्त चिकाटीने करते. बऱ्याचदा बरंच हाती लागतं.

झिजण्याची भीती मात्र लोकांनी गरजेपेक्षा जास्त घेतली. टेक रिपोर्ट या वेबसाइटने २०१३ ते २०१५ मध्ये सहा घरगुती ड्राइव्हवर मरेपर्यंत लिहीत राहण्याचा प्रयोग केला. शेवटचा ड्राइव्ह २.४ पेटाबाइट लिहून झाल्यावर गेला. घरी इतकं लिहायला जन्म पुरायचा नाही. त्यातला इंटेलचा ड्राइव्ह ठरलेली मर्यादा आल्यावर फक्त वाचण्यापुरता उरला, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्यावर तेवढाही उरला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. ‘लिहिता येत नाही, पण उघडतंय’ अशी अवस्था दिसली तर रीस्टार्ट करून बघण्याचा मोह आवरायचा, आणि आहे त्या घडीला सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. टोरोंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलमधले राघव लागिसेट्टी व आरिफ मर्चंट यांनी गूगलच्या सहा वर्षांच्या नोंदी २०१६ मध्ये मांडल्या, त्यांतूनही हाच सूर निघतो: एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा कमी वेळा बदलावे लागतात, पण पहिल्या चार वर्षांत मॉडेलगणिक २० ते ६३ टक्के ड्राइव्हमध्ये निदान एकदा तरी न सुधारणारी चूक येते. पूर्ण मरण कमी, छोटे झटके जास्त, आणि झटक्याचा आवाज होत नाही.

म्हणून जाणता तंत्रज्ञ ड्राइव्ह हातात घेण्याआधी विचारतो: नेमकं काय झालं होतं? काही उडवलंत, की आपोआप दिसेनासा झाला? उडवलं असेल तर उत्तर ऐकताऐकताच तो वीज काढायला सांगतो, शटडाउनच्या मेन्यूतून नव्हे, बटण दाबून धरून. दिसेनासा झाला असेल तर वीज देऊन थांबायला हरकत नसते. अर्धवट वाचतोय तर आधी सबंध प्रत काढायची, डीडीरेस्क्यूसारख्या अडेल ठिकाणं सोडून पुढे जाणाऱ्या साधनाने, आणि शोधाशोध त्या प्रतीवर करायची. लोक नेमकं उलटं करतात: गायब झालेला ड्राइव्ह दहा वेळा काढून घालतात, आणि फाइली उडालेला लॅपटॉप रात्रभर चालू ठेवून त्याच्यावरच रिकव्हरीची सॉफ्टवेअरं डाउनलोड करत बसतात.

दुसरा प्रश्न अलीकडे पहिल्याइतकाच महत्त्वाचा झालाय: बिटलॉकरची रिकव्हरी की आहे का? ‘मी तर कधी चालूच केलं नव्हतं,’ हे ठरलेलं उत्तर. पण २०२४ च्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून नव्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की ते बहुधा आपणच चालू होतं, आणि ४८ आकडी की त्या खात्यात जाऊन बसते. खातं कुठलं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने बनवून दिलेलं. त्याचा पासवर्ड? तो त्या पोराने बिलामागे लिहून दिला होता. मग काउंटरच्या अलीकडे उभा असलेला माणूस घरी फोन लावतो आणि कपाटातल्या खालच्या खणात ते बिल आहे का बघायला सांगतो.